स्वच्छ फिल्टरचा अपराध
(लेखांक नववा)

कारबुरेटरच्या स्क्रूंविषयी या आठवड्यात लिहावयाचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी दापोली तालुक्यातील एका बागायतदारांचे पत्र आले, आणि त्यांच्या तक्रारीचा निकाल लागल्यावाचून त्या स्क्रूंना हात लावण्यात काही अर्थ नाही, अशी माझी खात्री झाली. २०२० साली ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले, त्या वेळी या गृहस्थांच्या बागेतील आंब्या-फणसाची कित्येक झाडे मुळासकट उन्मळून पडली. पावसाळा सरल्यावर ती तोडून बाग मोकळी करण्यासाठी त्यांनी चांगल्या बनावटीची एक चेनसॉ विकत घेतली. पेट्रोलमध्ये तेल मापून घातले, आणि एअर फिल्टरची तर अशी काही निगा राखली की, रोज संध्याकाळी तो काढून कंप्रेसरच्या हवेने लख्ख करावयाचा हा शिरस्ता एक दिवसही चुकविला नाही. असे असता दुसऱ्याच हंगामात दोरी हाताला सैल लागू लागली, कम्प्रेशन गेले, आणि मिस्त्रीने इंजिन खोलून ‘तेल कमी पडले’ असा शेरा मारला. तेल तर कमी नव्हते आणि फिल्टरवर धुळीचा कण नव्हता, मग पिस्टन झिजला कसा, असा त्यांचा सवाल आहे.

मी त्यांना उलट टपाली एवढेच विचारले की, ओरखडे पिस्टनच्या कोणत्या अंगाला आहेत? सायलेन्सरच्या की कारबुरेटरच्या? त्यांनी छायाचित्र पाठविले आणि प्रकरणाचा अर्धा निकाल तेथेच लागला.

पिस्टन हा अत्यंत प्रामाणिक साक्षीदार आहे. त्याची जबानी कोणत्या बाजूने घ्यावयाची, एवढे मात्र ठाऊक असावे लागते. तेल कमी पडले, मिश्रणात पेट्रोलचा अंश घटला, किंवा इंजिन मर्यादेबाहेर तापले, तर ॲल्युमिनियमचा पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरला प्रथम घासतो तो सायलेन्सरच्या अंगाला, कारण जळालेला वायू तिकडून बाहेर पडत असल्यामुळे उष्णतेचा सर्वाधिक मारा त्याच बाजूवर होतो. आणि तेथे उमटणारे व्रण खोल, ओबडधोबड आणि धातू वितळून फासला गेल्याप्रमाणे दिसतात. धुळीची तऱ्हा अगदी निराळी. ती कारबुरेटरच्या वाटेने येते आणि आपली खूण त्याच अंगाला ठेवते. कारखान्यात पिस्टन कातताना त्याच्या घेरावर ज्या सूक्ष्म आडव्या रेषा राहतात त्या तेथे नाहीशा होतात, पृष्ठभाग राखी व निस्तेज होतो, त्यावर बारीक उभ्या रेघा उमटतात, आणि घेराची खालची कड झिजत झिजत इतकी पातळ होते की बोट फिरविताना जपावे लागते. दापोलीच्या पिस्टनची सायलेन्सरकडील बाजू जवळजवळ नव्यासारखी होती; कारबुरेटरकडील बाजूवर एकही आडवी रेषा शिल्लक नव्हती. मिस्त्रीचा शेरा रद्द समजावा. गुन्हा धुळीचाच होता.

आता ही धूळ मोटारीच्या इंजिनापेक्षा करवतीच्या इंजिनात एवढा अनर्थ का करते, हे पाहू. मोटारीत हवा वरच्या वर सिलिंडरमध्ये जाते, बेअरिंगांना तेल पुरविण्याची तजवीज स्वतंत्र असते, आणि त्या तेलालाही स्वतःचा फिल्टर असतो. टू-स्ट्रोक करवतीत यांपैकी काहीच नाही. पेट्रोल, तेल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये उतरते, तेथे क्रँकच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना भिजविते, आणि मग बगलेतील मार्गांनी वर चढून सिलिंडरमध्ये जळते. सारांश, फिल्टरमधून निसटलेला कण वर पोहोचण्यापूर्वी इंजिनाच्या प्रत्येक नाजूक सांध्याला भेट देऊन येतो, आणि तेलात मिसळून जणू घासणीचा लेप तयार करतो. तेल गाळण्याची सोय नाही, कारण तेल साठतच नाही. ते प्रत्येक फेऱ्याबरोबर जळून जाते.

हवा तरी किती लागते? पन्नास घनसेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत आहे असे धरले, आणि प्रत्येक फेऱ्याला ते दोन-तृतीयांशच भरते असे मानले, तरी मिनिटाला ३०० लिटर, म्हणजे ताशी १८ घनमीटर हवा ते ओढते. आठ फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा खोलीतील सगळी हवा एका तासात त्या तळहाताएवढ्या फिल्टरमधून जाते. आणि ही खोली स्वच्छ नसून लाकडाच्या भुशाने आणि मातीने भरलेली असते.

येथे एक समज दूर केला पाहिजे. फिल्टरवर जो पिवळसर भुसा आपल्याला दिसतो, तो इंजिनाचा मुख्य शत्रू नव्हे. लाकडाचा तंतू मऊ असतो, कणही मोठे असतात, आणि चुकून आत गेलेला भुसा बहुधा जळून जातो. खरा घात करते ती खनिज धूळ. काठिण्याच्या मोह्स-श्रेणीत ॲल्युमिनियम तीनच्याही खाली बसते, तर मातीतील गारेचा कण सातवर. कोकणातील जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाची जी प्राणिदे असतात, तीही ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. वादळात उन्मळलेल्या झाडाच्या मुळांना आणि बुंध्याला ही माती चिकटलेली असते, सालीच्या भेगांत ती भरलेली असते, आणि ओंडका जमिनीवरून ओढून आणला असेल तर ती आणखी घट्ट बसते. सागाची गोष्ट तर याहून विलक्षण, कारण त्याच्या लाकडातच मुळात सिलिका असते, काही नमुन्यांत एक टक्क्याहूनही अधिक. साग कापताना धार लवकर का जाते, हे चंद्रपूरकडील आरागिरण्यांतील कारागिरांना कोणी शिकवावे लागत नाही.

या कणांतही सर्वांत घातक कोणते? जे डोळ्यांना दिसत नाहीत ते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, त्याची जाडी काही मायक्रॉनच असते; त्याच सुमाराचा, पाच ते वीस मायक्रॉनांचा कण त्या फटीत नेमका अडकतो आणि दोन्ही बाजूंना खरवडतो. सिलिंडर त्यातल्या त्यात तगतो, कारण चांगल्या करवतीत त्याच्या आतील बाजूस निकासिल नावाचा लेप असतो. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसविलेला हा लेप जर्मनीतील माले कंपनीने १९६७ च्या सुमारास वांकेलच्या चक्री इंजिनासाठी तयार केला, आणि सिलिकॉन कार्बाइड गारेपेक्षाही कठीण असल्यामुळे धुळीला बळी प्रथम पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे यांचाच द्यावा लागतो. दापोलीच्या गृहस्थांना एवढे तरी समाधान आहे की, त्यांचा सिलिंडर बहुधा वाचेल.

धुळीचा बंदोबस्त करण्याचे उपाय अनेक. जुन्या ट्रॅक्टरवर तेलाने भरलेले भांडे असलेला एअर क्लीनर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वाटेल की तोच येथे का बसवू नये? परंतु ट्रॅक्टर आपल्या चार चाकांवर उभा असतो. करवत मात्र घडीत आडवी, घडीत तिरपी, फांद्या तासताना कधी उलटी धरावी लागते, आणि भांड्यातील तेल सांडल्यावाचून राहणार नाही. म्हणून तिला फिल्टर कोरडाच हवा, आणि त्याचा भार हलका करण्यासाठी हवा आधीच निवडून घेतली पाहिजे. स्वीडनमधील हुस्क्वार्ना कंपनीच्या ‘एअर इंजेक्शन’ पद्धतीत फ्लायव्हीलच्या पंखांनी फिरविलेल्या हवेतूनच फिल्टरकडे जाणारी हवा घेतात. खळ्यावर शेतकरी वाऱ्यात धान्य उफणतो, तेव्हा जड दाणे आणि हलका भुसा यांच्या वाटा जशा आपोआप वेगळ्या होतात, तशा येथे जड कण गिरकीत बाहेर फेकले जातात आणि हलकी हवा तोटीत वळते. जर्मन श्टिल कंपनीच्या पूर्व-विलगीकरणाचे तत्त्वही याच्याच जवळचे. मात्र या युक्तीला एक मर्यादा आहे. कणाचा व्यास निम्मा झाला की हवेतून बाजूला सरण्याचा त्याचा वेग चौथाईवर येतो. म्हणजे शंभर मायक्रॉनाचा कण जेथे झटकन बाहेर पडतो, तेथे दहा मायक्रॉनाचा कण शंभरपट संथ असल्यामुळे हवेबरोबरच वळतो. मोठा भुसा सगळा गेला, फिल्टर दिवसभर स्वच्छ राहिला, तरी जो खरा मारेकरी तो दारापर्यंत येतोच. त्याला अडविणे फिल्टरचेच काम.

आणि फिल्टर म्हणजे नेहमीच एक तडजोड. १९४२ साली ब्रिटिश स्पिटफायर विमाने उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि माल्टा बेटावर गेली, तेव्हा वाळूपासून मर्लिन इंजिन वाचविण्यासाठी त्यांच्या नाकाखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसविला होता. इंजिने वाचली, परंतु त्या फुगवट्यापायी विमानाचा वेग आणि वर चढण्याची शक्ती घटली, आणि वैमानिकांची नाराजी इतकी वाढली की ईजिप्तमधील अबुकीर येथल्या दुरुस्ती-तळावरील कारागिरांनी आटोपशीर असा दुसरा फिल्टर घडविला. करवतीतही हाच पेच आहे. नायलॉनच्या जाळीची छिद्रे साधारणतः चाळीस ते ऐंशी मायक्रॉनांची असतात; हवा मोकळी जाते, पण बारीक धूळही जाते. नमद्याचा किंवा दाट घड्यांचा फिल्टर बारीक धूळ धरतो, परंतु लवकर तुंबतो, आणि तुंबलेल्या फिल्टरने मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढून इंजिन धुरकट व मंद होते. (त्यावर कारबुरेटरमध्ये जी भरपाईची योजना असते, ती स्क्रूंबरोबर पाहू.)

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रोज स्वच्छ केलेल्या फिल्टरने इंजिन का मारले? याची कारणे तीन, आणि तिन्ही त्या स्वच्छतेतच दडलेली आहेत. फिल्टरवर धुळीचा जो पहिला पातळ थर बसतो, तो स्वतःच गाळणीचे काम करू लागतो. तो रोज झटकून टाकला की फिल्टर रोज आपल्या सर्वांत दुबळ्या अवस्थेतून आरंभ करतो. दुसरे, कंप्रेसरच्या जोराच्या झोताने जाळीवर चिकटविलेले बारीक तंतू उडून जातात, आणि झोत बाहेरून मारला तर कण उलट आत रुततात. उजेडासमोर धरल्यावर फिल्टर लख्ख दिसतो तो पुष्कळदा यामुळेच. तिसरे कारण सर्वांत मोठे: फिल्टर रोज काढला म्हणजे झाकणाखालची धूळ रोज कारबुरेटरच्या उघड्या तोंडाशी येते, आणि रबरी कड रोज ताणली जाऊन अखेरीस सैल बसू लागते. त्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून जाणाऱ्या हवेला कोणतीही गाळणी नसते. नीट बसलेला मळका फिल्टर इंजिनाची शक्ती घटवितो. नीट न बसलेला स्वच्छ फिल्टर इंजिनच खातो. यात डावे-उजवे करावयाचे तर मी मळक्याच्या बाजूने मत देईन.

साखळीचाही यात हात असतो. धारदार दाता लाकडाच्या चांगल्या जाड चिरफळ्या काढतो, त्या जड असल्यामुळे जमिनीवर पडतात. बोथट दाता मात्र लाकूड पीठ करून सोडतो आणि ते पीठ थेट फिल्टरवर चढते. मातीत दाता एकदा टेकला की धार गेलीच, म्हणून पहिला फिल्टर गोल कानशीने साखळीवरच घडतो असे म्हणण्यास हरकत नाही. मुळाजवळ कापण्यापूर्वी सालीवरची माती कोयत्याने तासून काढली, तर धार आणि पिस्टन दोन्ही वाचतात.

पद्धत सोपी आहे. इंजिनाची शक्ती घटू लागल्याचे जाणवेल तेव्हाच फिल्टर काढावा. झाकण उघडण्यापूर्वी भोवतालचा भुसा ब्रशने साफ करावा, चोक बंद करावा, म्हणजे कारबुरेटरचे तोंड मिटते, आणि मगच फिल्टर उचलावा. तो हलकेच आपटून झटकावा. फार मळला असेल आणि कंपनीने धुण्याची मुभा दिली असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळू द्यावा. हवा मारावयाचीच असेल तर ती आतून बाहेर, दुरून आणि मंद. बसविताना कड सर्व बाजूंनी टेकली की नाही हे बोटाने चाचपून पाहावे, आणि कड कडक झाली असेल तर नवा फिल्टर घ्यावा; त्याची किंमत नव्या पिस्टनपुढे काहीच नाही.

दापोलीच्या गृहस्थांना माझा सल्ला असा: नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवा फिल्टर, आणि क्रँकची बेअरिंगे हाताने फिरवून खरखरतात का याची खातरजमा. इतर वाचकांना विनंती एवढीच की, फिल्टर पुढच्या वेळी काढाल तेव्हा चोकच्या पलीकडे, कारबुरेटरच्या घशात, करंगळीला गुंडाळलेले पांढरे फडके फिरवून पाहा. फडके तेलकट झाले तर काळजी नको. ते मातकट झाले तर फट सापडेपर्यंत करवत सुरू करू नका. स्क्रू पुढच्या आठवड्यात.