अंगणातली उडी आणि कुत्र्याचे आरोग्य

'कुत्रा दिवसभर साखळीला असतो, सोडला की आवरत नाही, काय औषध द्यावे?' हा प्रश्न मला चाकुरात नेहमी विचारला जातो. अशा कुत्र्याला बहुधा औषध नको असते, काम हवे असते. आपल्या तालुक्यात पश्मी व कारवानी कुत्री पाळण्याची हौस जुनी. जानवळचे नाव त्यासाठी दूरवर माहीत आहे. ही जात सशामागे धावण्यासाठी घडली. तिला बांधून ठेवले की ती जमीन उकरते, भुंकत राहते, नाही तर चिडखोर बनते.

विलायतेत १९७८ साली क्रफ्ट्स या श्वान प्रदर्शनात, मधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी, घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांचा एक खेळ दाखवला गेला. तोच पुढे 'ॲजिलिटी' या नावाने जगभर पसरला. स्पर्धा राहू द्या, आपल्याला अंगण पुरे.

दोन विटांवर एक तुराटी आडवी ठेवावी. तुराटी हलकी असते, पाय लागताच पडते, कुत्र्याला इजा होत नाही. लोखंडी गज किंवा घट्ट बांधलेला बांबू वापरू नये. पहिले काही दिवस तुराटी जमिनीवरच ठेवून कुत्र्याला पलीकडून हाक मारावी. आला की लगेच भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा घास द्यावा. (मनुका किंवा द्राक्षे मात्र देऊ नयेत, त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.) बाजेच्या दोन्ही बाजूंनी पोती सोडली की बोगदा तयार होतो. पाण्याने भरलेल्या बाटल्या ओळीने मांडून त्यांच्यामधून नागमोडी चालवता येते. शेवटी गोणपाटावर 'बस' म्हणून थांबवावे. मला विचाराल तर उडीपेक्षा हेच मोलाचे, कारण हाकेसरशी थांबणारा कुत्रा मोटारीखाली येत नाही. मारू नये, मार खाल्लेला कुत्रा उडी शिकत नाही, हाताला भितो आणि एखाद्या दिवशी चावतो. मुले सोबत खेळणार असतील तर रेबीजची लस वेळेवर दिलेली हवीच.

एका वेळी दहा मिनिटे पुरेत. पिल्लाच्या हाडांची टोके कोवळी असतात, म्हणून साधारण दीड वर्षाचे होईपर्यंत तुराटी त्याच्या कोपराच्या वर नेऊ नये. फरशीवर पाय घसरतात, मातीचे अंगण चांगले. भरल्या पोटी तर मुळीच पळवू नये. खोल छातीच्या या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो आणि तो जीवावर बेततो.

खरी भीती उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करते. त्यातून कारवानी इतके इरेला पेटते की आपण थांबवल्याशिवाय थांबत नाही. म्हणून खेळ सूर्योदयाच्या सुमारास किंवा जमीन निवल्यावरच ठेवावा. तळहाताची मागची बाजू जमिनीवर टेकवून पाहावी. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतील.

जीभ लालभडक, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी, उलटी, ही उष्माघाताची लक्षणे होत. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या घरात गेले की मिनिटे मोजावी लागतात. आधी गाडी शोधत बसू नये. सावलीत घेऊन अंगभर, विशेषतः पोटावर व जांघेत, गार पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओले कापड गुंडाळून ठेवू नये, त्यात उष्णता कोंडते. तोंडात बळजबरीने पाणी घालू नये. मग जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी न्यावे, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतो.