क्रोशाच्या सुईच्या सोप्या युक्त्या



या वेळी भित्तिपत्रकासाठी मी क्रोशाच्या विणकामाची माहिती लिहिली आहे. आपल्या गावात पुष्कळ घरी क्रोशाची तोरणे आहेत. ताटावरचे रुमाल आहेत. बाळाची टोपडी आहेत. लग्नात रुखवत मांडतात त्यात तर क्रोशाची वस्तू असतेच असते. माझी आई क्रोशाने तोरणे विणून विकते. तिच्याजवळ बसून मी जे शिकले ते इथे सांगते.

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेतला आहे. त्याचा अर्थ लहान आकडा. सुईच्या टोकाला आकडा असतो म्हणून हे नाव पडले. स्वेटर विणायला दोन सुया लागतात, क्रोशाला एकच पुरते. बाईंनी आम्हांला एक गोष्ट सांगितली. आयर्लंड नावाच्या देशात १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. तेव्हा तिथल्या बायका क्रोशाची लेस विणून विकू लागल्या, त्यावर कितीतरी घरे जगली. आपल्या देशात आंध्र प्रदेशात नरसापूर गाव आहे. तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या बायकाही क्रोशाची लेस करतात. म्हणजे हे काम नुसते हौसेचे नाही, पोटाचेही आहे.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगते. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी आईने एका दुकानासाठी ८ तोरणे विणली. दुकानदाराने ५ घेतली नि ३ परत दिली. का तर ती तीन तोरणे चार बोटे आखूड भरली. आई म्हणाली, "साखळ्या तर सगळ्यांना सारख्याच मोजून घातल्या होत्या!" मग आखूड कशी झाली? दोरा आईच्या पैशाचा होता, जागरणही तिचेच. ती दोन दिवस नीट जेवली नाही. मग आम्ही पट्टी घेऊन बसलो आणि कारण शोधून काढले. ते पहिल्याच युक्तीत आहे.

१) आधी नमुना विणा. दिवसा निवांत बसून विणले की हात सैल असतो. शेतातून दमून आल्यावर रात्री विणले की हात आवळतो. टाके तेवढेच, पण लांबी कमी! म्हणून आधी हाताएवढा लहान तुकडा विणावा आणि पट्टीने मोजावा. समजा १० सेंटीमीटरमध्ये २० खांब बसले. दार ९० सेंटीमीटर रुंद आहे. तर ९ गुणिले २० म्हणजे १८० खांब लागतील. पण हात आवळला आणि १० सेंटीमीटरमध्ये २२ खांब बसले, तर तेच १८० खांब ८२ सेंटीमीटरच भरतात. बघा, ८ सेंटीमीटर गेले. हीच ती चार बोटे! नमुना घट्ट आला तर थोडी जाड सुई घ्यावी, सैल आला तर बारीक घ्यावी. आता आई प्रत्येक तोरणाची पहिली ओळ झाली की मला मोजायला देते. माझी पट्टी कंपासपेटीत कमी आणि आईच्या पिशवीत जास्त असते.

२) साखळ्या किती घालाव्या? आधी खांब म्हणजे काय ते सांगते. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, टाक्यात सुई घालून दोरा ओढायचा, मग दोन टाक्यांतून एकदा आणि दोन टाक्यांतून पुन्हा एकदा दोरा काढायचा. झाला खांब. पहिल्या ३ साखळ्या एका खांबाच्या जागी धरतात आणि चौथ्या साखळीत पहिला खांब घालतात. म्हणून जेवढे खांब हवेत त्यापेक्षा २ साखळ्या जास्त घालाव्या. २० खांबांना २२ साखळ्या, १८० खांबांना १८२. लांब ओळ असली तर आणखी ८-१० साखळ्या जादा घाला. उरल्या तर गाठीच्या बाजूने सोडवता येतात. पण कमी पडल्या तर सगळी ओळ उसवावी लागते.

३) मोजायला चिंचोके घ्या. आईला मधूनच कोणी हाक मारते, दूध उतू जाते, शेळी सुटते. मग किती ओळी झाल्या ते आठवत नाही. आम्ही दोन वाट्या ठेवतो. एकीत चिंचोके असतात. एक ओळ झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा. लांब ओळीत दर २० खांबांवर एक सेफ्टी पिन लावायची. मग पहिल्यापासून मोजावे लागत नाही, नुसत्या पिना मोजल्या की झाले.

४) गोल रुमालाला बाराचा पाढा. गोल रुमाल करताना कधी तो वाटीसारखा वर उचलतो, तर कधी कडेला झालरीसारखा फुगतो. वाटी झाली तर खांब कमी पडले, झालर झाली तर जास्त झाले असे समजावे. पहिल्या फेरीत १२ खांब घाला आणि पुढे प्रत्येक फेरीत १२ वाढवा. १२, २४, ३६, ४८, ६०. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन खांब. तिसऱ्या फेरीत एकावर एक, पुढच्यावर दोन. चौथ्या फेरीत दोन खांबांवर एकेक, तिसऱ्यावर दोन. अशाने रुमाल सपाट बसतो. ज्याला पाढा येत नाही त्याने रुमाल विणावा, पाढा आपोआप पाठ होतो!

५) गुंडा तांब्यात ठेवा. दोऱ्याचा गुंडा जमिनीवर ठेवला की घरभर पळतो. मांजर खेळते, धूळ लागते, गुंता होतो. तांब्यात किंवा खोल पातेल्यात ठेवला की जागच्या जागी फिरतो. पांढऱ्या दोऱ्याला तर हे करावेच. विणायला बसताना हातही साबणाने धुवावे. उन्हाळ्यात हाताला घाम येतो तेव्हा थोडी पावडर लावावी, म्हणजे दोरा अडकत नाही.

६) दोरा एकाच वेळी आणा. दोऱ्याच्या कागदावर रंगाचा नंबर असतो आणि लॉट नंबरही असतो. रंग तोच असला तरी लॉट वेगळा असला की थोडा फरक पडतो. दुकानातल्या दिव्याखाली तो कळत नाही, घरी उन्हात लगेच दिसतो. म्हणून लागेल तेवढा दोरा एकदम घ्यावा. किती लागेल ते कसे कळणार? एक तोरण विणण्याआधी दोरा तागडीत तोलावा, झाल्यावर उरलेला तोलावा. जो फरक येईल तेवढा दोरा एका तोरणाला लागला. आई आता हे वहीत लिहून ठेवते. त्यामुळे किंमत सांगतानाही ती अडखळत नाही. आणखी एक गंमत. सुती दोऱ्याचा नंबर मोठा असला की दोरा बारीक असतो. २० नंबरपेक्षा ४० नंबरचा दोरा बारीक! पुष्कळ जणांना उलटे वाटते.

७) मणी आधीच ओवा. तोरणात मणी घालायचे तर विणायच्या आधी सगळे दोऱ्यात ओवून घ्यावे आणि हवे तेव्हा एकेक पुढे सरकवावा. दोऱ्याचे टोक फिसकारते तेव्हा त्याला मेणबत्तीचे मेण चोळावे. वाळलेला साबण चोळला तरी चालते. टोक सुईसारखे ताठ होते.

८) उठताना टाका सोडू नका. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच टाका उरतो. तो सुटला आणि दोरा कोणी ओढला की केलेले काम भराभर उसवते. म्हणून उठताना टाका मोठा ओढून त्यात सेफ्टी पिन लावावी. दोरा संपला तर गाठ ओळीच्या मधे मारू नये, ती नक्षीत दिसते. नवा दोरा कडेला जोडावा. टोके बोटभर लांब ठेवून ती मोठ्या नेढ्याच्या सुईने टाक्यांत लपवावी. अगदी जवळून कापली तर धुण्यात सुटतात.

९) उसवलेला दोरा टाकू नका. परत आलेली ती तीन तोरणे आम्ही उसवली. दोरा कुरळा झाला होता. तसाच विणला असता तर टाके वेडेवाकडे आले असते. आईने तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, पाण्यात भिजवली आणि खाली हलके वजन अडकवून वाळत टाकली. वाळल्यावर दोरा सरळ झाला. त्याचीच पुन्हा तोरणे झाली आणि या वेळी मापात बसली. दुकानदाराने तिन्ही घेतली. आईने त्या दिवशी सांजा केला होता.

१०) धुणे आणि इस्त्री. रंगीत दोरा नवा असेल तर त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. रंग लागला तर तो दोरा पांढऱ्याबरोबर वापरू नये. विणलेली वस्तू पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि चटईवर सपाट पसरून वाळवावी. दोरीवर टाकली की ओल्या वजनाने ताणते. सुती रुमालाला तांदळाच्या पेजेची पातळ खळ दिली की तो ताठ राहतो. ॲक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री ठेवू नये. ती वितळून चपटी होते.

११) डावखुऱ्यांसाठी. माझ्या वर्गातली एक मैत्रीण डावखुरी आहे. तिला सगळे म्हणायचे, तुला क्रोशा जमणार नाही. शिकवणारी शेजारी बसायची त्यामुळे तिला सगळे उलटे दिसायचे. आईने तिला शेजारी न बसवता समोर बसवले. समोरून पाहिले की आरशासारखे दिसते. उजवीकडचे डावीकडे होते. ती दोन दिवसांत साखळी शिकली आणि आता खांबही घालते. म्हणून डावखुऱ्या मुलांना कोणी उजव्या हाताने विणायला लावू नका, नुसते समोर बसवा.

१२) डोळे आणि सुई सांभाळा. काळा दोरा रात्री विणू नये, टाका दिसत नाही आणि डोळे दुखतात. काळे काम दिवसा उंबऱ्यात बसून करावे आणि मांडीवर पांढरे फडके पसरावे. अर्ध्या तासाने हात थांबवून बोटे उघडझाप करावी, लांब झाडाकडे पाहावे. लोखंडी सुईचे टोक बारीक असते. काम झाले की तिला जुन्या पेनाचे टोपण घालावे आणि ती उंचावर ठेवावी. रांगते बाळ घरात असेल तर अंथरुणावर सुई कधीच ठेवू नये. मणीही बाळाच्या हाती लागू देऊ नयेत, ते लगेच तोंडात घालते.

मुलांनाही सांगते, हे काम फक्त मुलींचे नाही. सुईला काय कळते हात कोणाचा आहे! कार्यानुभवाच्या तासाला आमच्या वर्गातल्या दोन मुलांनी किल्लीला लावायच्या साखळ्या केल्या आणि त्या छान झाल्या.

पालकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी कोणी विणून विकत असेल तर तिला एक पट्टी आणि एक वही आणून द्या. माप, ओळी, दोरा आणि पैसे हे सगळे त्या वहीत लिहा. लिहायला वेळ नसेल तर चौथीतल्या मुलांना सांगा. आम्हांला गुणाकार येतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी