बोलकी नाणी

नाणे हातात आले की आपण त्यावरचा आकडा पाहतो आणि ते खिशात टाकतो. परंतु त्यावरचे चित्र नीट पाहिले, तर नाणे आपल्याशी बोलू लागते. प्राचीन रोमची कांस्य नाणी अशीच बोलकी आहेत.

रोमन साम्राज्यात सोन्याचांदीची नाणी होती. पण भाकरी, तेल अशा रोजच्या खरेदीसाठी गोरगरिबांच्या हाती तांब्यापितळेची नाणी असत. अभ्यासक या सर्वांना 'कांस्य नाणी' म्हणतात. त्यांपैकी 'सेस्टर्टियस' हे मोठे नाणे सुमारे २५ ग्रॅम वजनाचे असे. टाकसाळीत धातूची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव घालत. त्यामुळे दोन्ही बाजूंना चित्र उमटे.

त्या काळी छापील वर्तमानपत्रे नव्हती. बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून सम्राट आपली बातमी चित्रातून घरोघरी पोहोचवत असे.

एक उदाहरण पाहा. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम, म्हणजेच बैतुल मुकद्दस, जिंकून उद्ध्वस्त केले. पुढच्याच वर्षी सम्राट व्हेस्पेशियनने नवे नाणे काढले. एका बाजूला त्याचा चेहरा आहे. दुसऱ्या बाजूला खजुराचे झाड आणि त्याखाली शोक करत बसलेली एक स्त्री आहे. खजूर म्हणजे तो प्रदेश आणि स्त्री म्हणजे तेथील पराभूत प्रजा. शेजारी 'ज्यूडिया जिंकले' अशा अर्थाचे लॅटिन शब्द आहेत.

हे चित्र विजेत्याने काढले आहे. लोक का लढले, किती घरे उजाड झाली, हे ते सांगत नाही. तरीही त्या स्त्रीचे दुःख लपत नाही. म्हणून नाणे पाहताना दोन प्रश्न विचारावेत : ते काय दाखवते? आणि कोण दाखवतो?

या नाण्यांची एक खूण आपल्या उर्दू भाषेतही आहे. पूर्व रोमन साम्राज्यात तांब्याच्या एका नाण्याला 'फॉलिस' म्हणत. त्यावरून अरबीत 'फल्स' हा शब्द आला. त्याचे अनेकवचन 'फुलूस'. ज्याच्याजवळ तांब्याच्या नाण्यांखेरीज काहीच उरले नाही, तो 'मुफलिस', असे अरबी कोशकार सांगतात. सम्राट गेले, साम्राज्य गेले. गरिबाच्या हातातले नाणे मात्र शब्दात टिकून राहिले.

स्वाध्याय
१. सम्राट नाण्यांवर चित्रे का काढत?
२. 'मुफलिस' या शब्दाचा नाण्याशी काय संबंध आहे?
३. तुमच्याजवळच्या एका नाण्याचे चार-पाच वाक्यांत वर्णन करा.