विम्यात न बसणारी लस

पगारदार घरांत आता आरोग्य विम्याचं कार्ड असतं. आमच्या माहूरलाही अशी घरं आहेत. ‘मुलांची काळजी मिटली,’ असं तिथले आईवडील म्हणतात. मी एकच विचारतो : वयात येणाऱ्या मुलांच्या लसींचं काय?

आपल्याकडचा नेहमीचा विमा माणूस दवाखान्यात भरती झाला की पैसे देतो. लस घ्यायला कुणी भरती होत नाही. म्हणून बहुतेक पॉलिसींत तिचा खर्च बसत नाही. बाळाच्या लसींचं कार्ड आपण जपतो, पण मूल शाळेत गेलं की ते ट्रंकेच्या तळाशी जातं. खरं तर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची ‘टीडी’ लस द्यायची असते. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते. तिला विमा लागत नाही, आठवण लागते.

दुसरी लस एचपीव्हीची. या विषाणूचा संसर्ग शरीरात मुक्काम ठोकून राहिला, तर पुढे गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून संसर्गाआधीच, ९ ते १४ या वयात, लस घेतलेली उत्तम. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी मुलींमध्ये या लसीचा अभ्यास सुरू झाला. त्यांत पुणे, मुंबई आणि मराठवाड्याला लागून असलेली बार्शीही होती. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं आणि अनेक मुलींना एकच डोस मिळाला. त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवल्यावर २०२१ मध्ये दिसलं, की एका डोसचं संरक्षणही जवळपास तेवढंच टिकतं. २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही आली.

अमेरिकेत २०१० च्या कायद्याने बहुतेक खासगी विम्यांना शिफारशीच्या लसींचा पूर्ण खर्च द्यावा लागतो. तरीही २०२३ मध्ये तिथल्या १३ ते १७ वयाच्या पाचांतल्या साधारण तिघांचेच एचपीव्हीचे डोस पूर्ण होते. म्हणजे नुसत्या पैशाने भागत नाही.

माझी चुलतबहीण याच कर्करोगाने गेली. तेव्हा लस नव्हती. दुखणं बाईचं, म्हणून तिने सांगितलंही उशिरा. आज लस आहे, पण तो संकोच अजून उंबऱ्यात बसून आहे. लेकीच्या लग्नासाठी आपण पै-पै जोडतो. तिच्या लसीबद्दल बोलायला मात्र जीभ अडते.

तेव्हा मुलगी नऊ वर्षांची झाली की डॉक्टरांना विचारा. पॉलिसीत लस बसते का, हे एजंटलाही विचारा. आणि ट्रंकेतलं ते जुनं कार्ड वर काढा.