ग्रँट रोडची नाटकशाळा

वऱ्हाडास समुद्र नाही. परंतु आपला कापूस ज्या बंदरातून विलायतेस जाई, त्या मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत एक नाटकशाळा उभी राहिली होती. ती इमारत आज नाही. तरीही अमरावती-अकोल्याचा प्रेक्षक तिकीट काढून हक्काने खुर्चीवर बसतो, या वहिवाटीचा माग काढू लागलो की आम्ही तिच्याच दाराशी येऊन पोचतो.

मुंबईच्या कोटातील मैदानावर १७७६ साली साहेबलोकांनी वर्गणीतून एक थिएटर बांधले होते. ते कर्जात बुडाले. १८३५ साली सर जमशेटजी जिजीभाईंनी ते विकत घेतले, आणि कर्ज फिटून उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत पडली. त्या पैशातून नवे थिएटर व्हावे, असा अर्ज गोऱ्या व एतद्देशीय नागरिकांनी मिळून केला. नाना शंकरशेटांनी ग्रँट रोडवर जागा दिली, आणि १८४६ साली तेथे पडदा वर गेला. लोक तिला शंकरशेटची नाटकशाळा म्हणू लागले.

पण कोटातील साहेबास ग्रँट रोड लांब वाटे. तो भाग तेव्हा वस्तीबाहेरचाच. गोरा प्रेक्षक रोडावला, आणि रिकाम्या इमारतीस गिऱ्हाईकाचा रंग पाहून चालत नाही!

इकडे सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली राजाश्रयाने 'सीतास्वयंवर' उभे केले होते. १८५१ साली चिंतामणराव पटवर्धन वारले आणि आश्रय तुटला. पोटाची सोय गेली म्हणजे कारागीर शहराची वाट धरतो. नटांनीही तेच केले. ९ मार्च १८५३ रोजी भाव्यांच्या मंडळीने या नाटकशाळेत खेळ केला. मुंबई-ठाणे आगगाडीसुद्धा त्यानंतर सव्वा महिन्याने, १६ एप्रिलला सुटली. गणपती, सरस्वती, विदूषक आणि राक्षसांची आरडाओरड असा तो देवळा-वाड्यांतला 'अलल्डुर्र' खेळ आता रंगविलेल्या पडद्यांपुढे, विलायती रंगभूमीवर उभा राहिला. त्याच वर्षी पारशी मंडळीही तेथे नाटक करू लागली.

आमच्या मते खरा पालट येथे झाला. राजाच्या वाड्यात बोलावणे लागते. येथे पदरी तिकिटाचे पैसे असले की पुरे. अर्थात बॉक्स आणि पिट हा भेद होताच, आणि स्वस्त जागाही गरिबाच्या खिशाला हलकी नव्हती. शिवाय नटाचा धनी गेला असे नाही, एकाच्या जागी शेकडो धनी आले. परंतु शेकडोंची मर्जी एकाच दिवशी फिरत नाही, एवढा आधार मोठाच म्हटला पाहिजे.

शंकरशेटांचे नाव राहिले, ते योग्यच. पडदे ओढणारे, दिवे उजळणारे, रात्री झाडलोट करणारे यांची नावे मात्र नाट्येतिहासात सापडत नाहीत, हे आम्हांस बोचते.

पुढे त्याच रस्त्यावर व्हिक्टोरिया, एल्फिन्स्टन अशी नाटकगृहे झाली. त्या परिसरास 'प्ले हाऊस' म्हणत. हमाल-गाडीवानांच्या तोंडी त्याचे 'पिला हाऊस' झाले, आणि मुंबईत तो भाग अजून त्याच नावाने विचारला जातो.