पऱ्हाटीला नेमकं काय कमी पडतंय?

वणीच्या काळ्या वावरात पऱ्हाटी पिवळी दिसली की पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. नत्र कमी असेल तर पीक सुधारतंही. पण स्फुरद कमी असेल तर युरिया कितीही टाका, गाडी अडलेलीच! जे अन्नद्रव्य सगळ्यांत तोकडं, तेच वाढ रोखतं. हा नियम शास्त्रज्ञ लीबिगच्या नावावर खपतो. त्याच्या आधी तो १८२८ मध्ये कार्ल स्प्रेंगलने मांडला होता.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत स्फुरद असूनही मिळत नाही, कारण ते कॅल्शियमशी बांधलं जातं. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात २३ किलो स्फुरद, पण त्यातलं बरंचसं त्या हंगामात असंच अडकतं. म्हणून ते फेकण्यापेक्षा बियाण्याजवळ पेरून द्यावं.

नत्राचंही तसंच. हवेत ७८ टक्के, तरी पिकाला थेट घेता येत नाही. सोयाबीनला मात्र त्यात जिवाणूंची मदत मिळते. फुलोऱ्याच्या सुमारास सोयाबीनचं झाड हलकेच उपटा, मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी दिसली तर जिवाणू हवेतलं नत्र बांधतायत. पण या गाठींनाही स्फुरद लागतंच, बरं का!

पाण्यातही हाच खेळ. १९७३ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी एक तळं पडद्याने दुभागलं. दोन्हीकडे कार्बन आणि नत्र, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तेवढीच बाजू शेवाळाने हिरवीगार झाली. वावरातून मातीसोबत वाहून जाणारं स्फुरद निर्गुडा नदीत, पुढे वर्धा नदीत हेच करू शकतं.