बुलेटचा खर्ज

सायलेन्सर बदलायला आलेल्या पोराची गॅरेजमधली मागणी ठरलेली असते: आवाज भारी पाहिजे. मग आतली जाळी ओढून काढली जाते, मागे रिकामी पुंगळी बसते आणि गाडी गल्लीतून फाडफाड करत निघते. आवाज मोठा होतो, पण भारी होत नाही. जो खर्ज ऐकून माणूस बुलेटच्या प्रेमात पडला, तो त्या फाडफाडीखाली गाडला जातो. खर्ज हवा असेल तर सायलेन्सर रिकामा करून भागत नाही, तो नीट भरावा लागतो.

हा खर्ज मुळात इंजिनातून येतो. बुलेट हे नाव १९३२ सालचं, इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डचं. १९५०च्या दशकात ती मद्रासच्या तिरुवोट्टियूरला बनू लागली. बिडाच्या जुन्या साडेतीनशेचा बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०, म्हणजे सिलिंडर अरुंद आणि पिस्टनची धाव लांब. सिलिंडर एकच. फोर-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी पडते. मिनिटाला ९०० फेऱ्यांवर गाडी उभी असेल तर सेकंदाला साडेसात ठोके पडतात. इतक्या संथ ठोक्यांचा सूर कानाला लागत नाही, प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो; ती प्रसिद्ध डगडग हीच. ३००० फेऱ्यांवर ठोके सेकंदाला पंचवीस होतात आणि एकमेकांत मिसळून खालच्या पट्टीतला सूर धरतात. जड फ्लायव्हीलमुळे इंजिन इतकं संथ चालूनही बंद पडत नाही.

पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना दाबलेला वायू झटक्यात सुटतो, आणि त्या झटक्यात खालच्या पट्टीबरोबर वरच्या पट्टीचा कर्कश कल्लोळही असतो. जाळी काढली की तो जसाच्या तसा रस्त्यावर येतो. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये पत्र्याचे पडदे आणि नळ्या घालून कप्पे केलेले असतात. वायू वळसे घेत जातो, आवाजाच्या लाटा पडद्यांवर आपटून परततात आणि एकमेकींना मारतात. त्यात कल्लोळ जातो, पण खर्जही बराच दबतो. दुसरी रीत सरळ जाळीदार नळीची: नळीभोवती ग्लास वूल, त्यावर बाहेरचा पत्रा. वायू सरळ निघून जातो, आवाज भोकांतून लोकरीत शिरतो. बारीक तंतूंत अडकून वरच्या पट्टीच्या आवाजाची उष्णता होते. खालच्या पट्टीची लाट कित्येक मीटर लांब असते. बोटभर जाडीची लोकर तिला फारशी अडवू शकत नाही. म्हणून नुसता खर्ज बाहेर येतो.

कसब आहे ते या भरण्यात. नळीच्या पृष्ठभागाचा चौथा ते तिसरा हिस्सा भोकांचा हवा. कमी असला तर आवाज लोकरीपर्यंत पोचतच नाही. लोकर कोंबून भरली तर तंतूंमधली हवा जाते आणि ती भिंतीसारखी वागते. सैल ठेवली तर गरम वायूचे झोत तिला उपसून भोकांतून बाहेर फेकतात. चांगला मिस्त्री नळीला आधी स्टीलच्या लोकरीचा पातळ थर देतो, त्यावर ग्लास वूल एकसारखं गुंडाळतो, तारेने हलकं बांधतो, आणि मग ती नळी फिरवत फिरवत पत्र्यात सरकवतो. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. काचेचे तंतू कातडीत शिरले की दिवसभर खाज सुटते. पत्र्याचा आकारही बोलतो. लांब बाटलीसारख्या सायलेन्सरच्या, म्हणजे लाँग बॉटलच्या, पोटात जागा जास्त, म्हणून तिचा आवाज शॉर्ट बॉटलपेक्षा मऊ आणि गोल. माझं मत विचाराल तर जुन्या बिडाच्या इंजिनाला लाँग बॉटलच शोभते.

‘इंजिनाला थोडा उलटा दाब लागतोच’ हे गॅरेजांत सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. इंजिनाला हवा असतो तो लाटेचा अचूक वेळ. पाइपाच्या उघड्या टोकावरून परतणारी लाट योग्य क्षणी व्हॉल्व्हपाशी आली तर उरलासुरला जळका वायू ओढून घेते. जाळी बदलली की हा मेळ बिघडू शकतो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं. थ्रॉटल सोडल्यावर फटफट उडणं, बेंड पाइप निळा पडणं, प्लगचं टोक पांढरं दिसणं ही त्याची लक्षणं. कार्बोरेटरच्या गाडीत मेन जेट एक पायरी मोठा घालून ते सावरता येतं.

२०२० नंतरच्या जे-सिरीज इंजिनांचा हिशेब वेगळा आहे. ७२ गुणिले ८५.८ मिलिमीटरचं हे इंजिन, त्यात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट, एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि विषारी वायू निवळवणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हा कन्व्हर्टर उपटून मिळवलेला आवाज मला कधीच मान्य होणार नाही. न निवळलेला धूर मागच्या स्कूटरवरच्या लेकराच्या नाकात जातो.

१७५ सीसीवरच्या मोटारसायकलींना कंपनीच्या चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि आवाज-प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्यात, नागपुरात, मुंबईत पोलिसांनी जप्त पुंगळ्यांवर रोडरोलर फिरवला, तो योग्यच. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. दवाखान्याच्या भिंतीआड झोपलेल्या रुग्णाला ती सोसावी लागते. जाळी कितीही सुरेल भरलेली असो, मर्यादा तिलाही तीच.

भरलेली लोकर कायमची टिकत नाही. काही हजार किलोमीटरनंतर ती जळून खाली बसते आणि आवाजाला पत्र्याची धार येऊ लागते. तेव्हा मागचा बोल्ट खोलायचा, नळीवरची काजळी खरवडून भोकं मोकळी करायची आणि नवी लोकर गुंडाळायची.